सिव्ह ६: रोम, सिथिया, अ‍ॅझ्टेक तिघेही एकदम अंगावर. पाच शहरं कशी राखावीत?

पेठेतला_गांधी

सिव्हिलायझेशन ६ (संगणकावरचा साम्राज्य उभारण्याचा, पाळीपाळीने म्हणजे टर्नने चालणारा खेळ), गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारासह. एम्परर लेव्हल (बरीच अवघड), स्टँडर्ड स्पीड, पॅन्जिया (एकच मोठा भूखंड), आठ खेळाडू. मी भारत, नेता गांधी. टर्न ९६.

शहरांना आपल्याकडची नावं दिली आहेत, तीच वापरतो. मधोमध राजधानी पुणे. उत्तरेला मोकळ्या सपाटीवर चाकण, त्याच्या वायव्येला डोंगरांआड जुन्नर. आग्नेयेला सासवड, त्याच्या पूर्वेला नुसतं गवताळ मैदान. दक्षिणेला डोंगररांग आहे आणि तिच्यात एकाच टाइलची (नकाशावरच्या एका षटकोनी घराची) खिंड (तिला मी खंबाटकी म्हणतो). खिंडीच्या पलीकडे सातारा.

रोम आणि सिथियाने जॉइंट वॉर पुकारलं, चार टर्नांनी अ‍ॅझ्टेकही उतरले. चाकणसमोर ५ लीजन (रोमचं खास पायदळ), १ बॅटरिंग रॅम (तट फोडायचा ओंडका) आणि मागून येणारा १ कॅटापल्ट (दगडफेकीचं यंत्र) दिसतोय. पूर्वेला सिथियाचे साका हॉर्स आर्चर (घोड्यावरचे तिरंदाज) आणि हॉर्समन मिळून ६. दक्षिणेला ४ ईगल वॉरियर, २ आर्चर.

माझ्याकडे ४ आर्चर, २ वॉरियर, १ स्पिअरमन (भालाईत), १ वरू (भारताचा खास युद्धहत्ती). वॉल्स (तट) फक्त पुण्याला. सोनं ३४०, दर टर्नला १४. आयर्न वर्किंग झालंय, इंजिनिअरिंग चालू आहे. सरकार क्लासिकल रिपब्लिक, त्यामुळे लाइम्स (तटाचं काम दुप्पट वेगाने करणारं धोरण) कार्ड हातात असूनही मिलिटरी स्लॉट नाही. गव्हर्नर पिंगला आणि मॅग्नस, त्यांपैकी मॅग्नस पुण्यात; एक टायटल (गव्हर्नर नेमायचा किंवा वाढवायचा गुण) शिल्लक.

प्रश्न असे: आधी वॉल्स की आधी सैन्य? आठ तुकड्या पाच शहरांत कशा वाटायच्या? आणि एखादं शहर सोडायचंच झालं तर कोणतं?

बुरूज_आणि_बाण

तुकड्या पाच शहरांत वाटू नका. वाटल्यात तर प्रत्येक ठिकाणी दीड तुकडी उरेल आणि तिन्ही बाजूंनी हराल. आधी तिघांपैकी शहर कोण घेऊ शकतं आणि नुसती नासधूस कोण करू शकतं, ते वेगळं करा.

सिथिया वॉल्स असलेलं शहर जवळजवळ घेऊच शकत नाही. बॅटरिंग रॅमचा फायदा फक्त मेली (हातघाईच्या) आणि अँटी-कॅव्हलरी (घोडदळविरोधी) तुकड्यांना होतो, घोडदळाला नाही. तटावर मेलीचा मार रॅमशिवाय जेमतेम १५ टक्के लागतो, रेंज्डचा (लांबून मारणाऱ्यांचा) निम्मा. त्यात साकाची रेंज्ड ताकद २५ आणि शहरावर मारा करताना प्रत्येक रेंज्ड तुकडीला १७ चा तोटा. म्हणजे सासवडला एन्शंट वॉल्स उभ्या राहिल्या की सिथिया शेतं आणि खाणी लुटत फिरेल, आत शिरणार नाही. अ‍ॅझ्टेकांची गोष्ट खिंडीवर अवलंबून. खरा धोका रोमचा: लीजनची ताकद ४०, सोबत रॅम, मागे कॅटापल्ट. त्यामुळे चाकणला आत्ता सगळं मिळालं पाहिजे.

वॉल्स की सैन्य, या प्रश्नाचं उत्तर खेळच देतो. वॉल्स सोन्याने विकत घेता येत नाहीत, तुकड्या घेता येतात. म्हणून प्रॉडक्शन वॉल्सकडे, सोनं सैन्याकडे.

एन्शंट वॉल्सना ८० प्रॉडक्शन लागतं. चाकण दर टर्नला ८ देत असेल तर दहा टर्न, तेवढा वेळ रोम देणार नाही. पण लाइम्स लावलंत तर तेच काम पाच टर्नांत होतं. स्लॉट नाही म्हणता, पण क्लासिकल रिपब्लिकला एक वाइल्डकार्ड स्लॉट असतो आणि त्यात मिलिटरी कार्ड बसतं. तिथे ग्रेट पीपलचं कार्ड असेल तर ते आजच काढा. पुढची सिव्हिक (संस्कृतीतली प्रगती) पूर्ण व्हायला दोनच टर्न असतील तर थांबा, कारण तेव्हा कार्डं फुकट बदलता येतात. त्याहून जास्त असतील तर सोनं मोजा आणि बदला.

लाइम्स लागल्यावर बिल्डरने चाकणच्या हद्दीतलं जंगल तोडा. त्या लाकडाचं प्रॉडक्शनही वॉल्ससाठी दुप्पट धरलं जातं. क्रम महत्त्वाचा: आधी कार्ड, मग रांगेत वॉल्स पहिल्या नंबरावर, मग तोड. उलट केलंत तर निम्मं वाया.

कोणतं जंगल तोडायचं, हेही बघून ठरवा. शत्रू जिथे उभा राहणार ते तोडा, आपला माणूस जिथे उभा राहणार ते ठेवा. जंगलाचे बचावाला ३, डोंगराचे ३, आणि दोन्ही एकत्र धरले जातात. मध्ये जंगल आलं की बाणही अडतो. चाकणला खेटून असलेल्या जंगलात लीजन शिरला तर तो तिथून हलवणं फार जड जातं.

आता आकडे, कारण यातच सगळी मेख आहे. दोन तुकड्या समान ताकदीच्या असतील तर एका फटक्यात साधारण ३० नुकसान होतं (२४ ते ३६ च्या मध्ये). एम्परर लेव्हलला संगणकाच्या तुकड्यांना २ जास्त मिळतात, म्हणजे समोरचा लीजन ४२. तुमचा आर्चर २५. फरक १७ चा, म्हणून एका बाणाला साधारण १५. एक लीजन पाडायला सात बाण! तुमच्याकडे आर्चर चार. त्याच जागी क्रॉसबोमन (आर्चरची पुढची पायरी, मशिनरीच्या शोधाने मिळते) असेल तर ताकद ४०, एका बाणाला २८ च्या आसपास. तीन क्रॉसबोमन आणि शहराचा एक मारा मिळून दर टर्नला एक लीजन पडतो. पाच लीजनचा हल्ला पाच-सहा टर्नांत संपतो.

म्हणून संशोधन सरळ मशिनरीकडे न्या. साखळी तुमच्या बाजूची आहे: एन्शंट वॉल्स बांधल्या की इंजिनिअरिंगला युरेका (शोधाचा काही भाग फुकट) मिळतो, तीन आर्चर असले की मशिनरीला. वॉल्स पुण्याला आहेतच आणि आर्चर चार आहेत, म्हणजे दोन्ही ४० टक्के आधीच मिळालेले असणार. आयर्न वर्किंग झालंय, इंजिनिअरिंग संपलं की मशिनरी मोकळी. मध्ये दुसरं काहीही घेऊ नका.

अजून एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शहराच्या माऱ्याची ताकद त्या शहरावर ठरत नाही, तुमच्या राज्यात तयार झालेल्या सगळ्यात ताकदवान रेंज्ड तुकडीवर ठरते. पहिला क्रॉसबोमन जुन्नरच्या कोपऱ्यात तयार झाला तरी वॉल्स असलेलं प्रत्येक शहर त्या टर्नपासून त्याच जोराने मारतं. म्हणून चारही आर्चर एकदम अपग्रेड करण्याइतकं सोनं साठेपर्यंत थांबू नका, पहिला लगेच करा.

चिलखती_माची

वरच्याशी बहुतेक सहमत. तैनातीबद्दल थोडं आणि साताऱ्याबद्दल वेगळं मत.

चाकणची तैनाती अशी: एक आर्चर शहराच्या आत. आतल्या तुकडीला शहरावरच्या हल्ल्याचा मार लागत नाही, त्यामुळे शहर उभं आहे तोवर तो आर्चर रोज बाण सोडू शकतो. दुसरे दोन आर्चर शहराच्या पुण्याकडच्या बाजूला, शत्रूच्या टाइलपासून दोन टाइल अंतर ठेवून. त्यांच्या पुढे दोन्ही वॉरियर, फॉर्टिफाय करून (जागेवर ठाण मांडून). वॉरियरने हल्ला करायचाच नाही. त्याचं काम झोन ऑफ कंट्रोलने (शेजारच्या टाइलवर शत्रूची चाल थांबते त्याने) लीजनला थबकवणं. आर्चरला स्वतःचा झोन नसतो, म्हणून नुसते आर्चर उभे केले तर लीजन त्यांच्यामधून चालत येतो.

शहराची पाठ मोकळी राहणं का गरजेचं, ते सांगतो. शहराभोवतीची प्रत्येक टाइल शत्रूने व्यापली किंवा त्याच्या झोनमध्ये आली की वेढा पडतो. वेढा नसेल तर शहर दर टर्नला २० भरून काढतं. वेढा पडला की तेही बंद. एक वॉरियर मागच्या टाइलवर पाय रोवून उभा राहिला तरी हे २० वाचतात आणि शहराचे एकूण प्राण २००. पाच टर्नांत अर्धं शहर परत मिळाल्यासारखं आहे.

वरू चाकणलाच हवा. त्याला खेटून असलेल्या प्रत्येक शत्रू तुकडीची ताकद ५ ने घटते आणि दोन वरू असतील तर १० ने. ४२ चा लीजन ३२ वर येतो. मग क्रॉसबोचा एक बाण ४० च्या वर नुकसान करतो आणि तीन बाणांत लीजन बहुधा पडतो. पुण्याच्या वॉल्स झालेल्याच आहेत, तर पुण्याने लगेच दुसरा वरू काढावा. १२० प्रॉडक्शन, ना घोडे लागतात ना लोखंड. मात्र समोर स्पिअरमन दिसला तर वरू मागे घ्या, त्याला घोडदळाविरुद्ध १० जास्त मिळतात आणि वरू त्याच गटात मोडतो.

कॅटापल्ट आला की एक टर्न तुमच्या हातात असतो. तो सरकलेल्या टर्नला मारा करू शकत नाही. दोन टाइलवर येऊन थांबला, की त्याच टर्नला सगळे बाण त्याच्यावर. त्या टर्नला लीजनकडे बघायचं नाही. पुढच्या टर्नला तो ३५ च्या ताकदीने आणि पूर्ण जोराने तट फोडायला लागतो. रॅमचंही तसंच. तो ज्या तुकडीसोबत तटाला लागतो तीच आधी पाडायची, कारण एक रॅम शेजारच्या सगळ्या मेली तुकड्यांना कामाला येतो.

आता सातारा. बुरूज_आणि_बाण यांनी सगळं चाकणवर लावलं, पण खिंडीच्या पलीकडचं शहर तसंच सोडलं तर अ‍ॅझ्टेक ते दोन टर्नांत घेतील आणि नंतर खिंडीपाशी येतील. माझ्या मते साताऱ्याला दुसऱ्या नंबरच्या वॉल्स द्या आणि आत काहीही ठेवू नका. ईगल वॉरियरची ताकद २८. रॅमशिवाय ते तटावर डोकं आपटत बसतील आणि तेवढे टर्न खिंडीपर्यंत पोहोचणार नाहीत. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेला चाकणच्या छोट्याशा भुईकोटाने जवळजवळ दोन महिने अडकवून ठेवलं. किल्ला शेवटी गेला, पण ते दोन महिने कामी आले. सातारा पडला तरी चालेल, उशिरा पडला पाहिजे.

खिंडीत स्पिअरमन. टाइल डोंगराळ असेल तर ३, फॉर्टिफायचे पहिल्या टर्नला ३ आणि दुसऱ्यापासून ६. म्हणजे २५ चा स्पिअरमन ३४ होतो. दोन्ही बाजूंना पर्वत असल्याने समोरून एका वेळी दोनच मेली तुकड्या भिडू शकतात. चौथा आर्चर त्याच्या मागच्या टाइलवर. इथे एक चूक हमखास होते: स्पिअरमन निम्मा झाला की लोक त्याची दुसऱ्या तुकडीशी जागा बदलतात आणि नव्या तुकडीचे फॉर्टिफायचे गुण शून्यापासून सुरू होतात, नेमके मार जास्त असताना. स्पिअरमनला प्रमोशन (लढून मिळणारी बढती) मिळालं असेल तर ते राखून ठेवा. प्रमोशन घेतलं की ५० प्राण भरतात. जागा न सोडता तो पुन्हा उभा राहतो.

पेठेतला_गांधी

दोघांचेही आभार, खूप कामाचं आहे. वाइल्डकार्डमध्ये लाइम्स लावलं, चाकण आणि सातारा दोन्हीकडे वॉल्स रांगेत पहिल्या. चाकण जंगलतोडीसकट ३ टर्न दाखवतंय, सातारा ५.

दोन शंका. ३४० सोन्यात आत्ता काय घ्यावं? आणि उरलेलं गव्हर्नर टायटल मॅग्नसला द्यावं की नवा आणावा? सासवडला सध्या काहीच नाही, तेही डोक्यात आहे.

सारीपाट

सोन्याबद्दल. आर्चरचं प्रॉडक्शन ६०, विकत घेताना चौपट, म्हणजे २४०. तो घ्यावासा वाटेल, पण मी घेणार नाही. चार आर्चर तुमच्याकडे आहेत. मशिनरी हाती येईल त्या टर्नला खिशात अपग्रेडचं सोनं नसेल तर सगळी साखळी वाया जाते. प्रोफेशनल आर्मी कार्ड मिळालं असेल तर अपग्रेड निम्म्या किमतीत होतं, मग ते एका टर्नापुरतं लावा, शक्य तेवढे आर्चर बदला आणि परत लाइम्स. ३४० तसंच ठेवा आणि जास्तीची लक्झरी विकून त्यात भर घाला. युद्धात नसलेले चार खेळाडू अजून आहेत ना? त्यांना एकेक लक्झरी द्या, दर टर्नच्या सोन्याऐवजी एकरकमी मागा.

त्याच चौघांकडे डेलिगेशन पाठवा, प्रत्येकी २५ सोनं. हा खर्च आत्ता नकोसा वाटतो, पण तिघांचं युद्ध चौघांचं होऊ न देणं हे कोणत्याही तटाइतकंच मोलाचं. ज्याचा चेहरा हसरा दिसतो त्याला मैत्रीची घोषणा मागा. ती ३० टर्न टिकते आणि त्या काळात तो युद्ध पुकारू शकत नाही. कोणी तुमची जाहीर निंदा केली तर त्या टर्नची नोंद ठेवा, पाच टर्नांनंतर त्याला फॉर्मल वॉरची वाट मोकळी होते.

जवळ सिटी-स्टेट (एकाच शहराचं छोटं राज्य) आहे का आणि तुम्ही तिचे सुझरेन (पालक सत्ता) आहात का, हे लिहिलं नाहीत. असाल तर ती तुमच्या शत्रूंशी आपोआप युद्धात उतरते आणि सोनं देऊन तिचं सैन्य ३० टर्न भाड्याने घेता येतं. नवा आर्चर घेण्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडतं. एखादा एन्व्हॉय (तिथे पाठवायचा दूत) कमी पडत असेल तर तो आधी तिथे.

गव्हर्नर: व्हिक्टर, आणि चाकणला. बाकीच्यांना बसायला ५ टर्न लागतात, त्याला ३. बसल्याबरोबर शहराच्या बचावाला ५ मिळतात. पुढचं टायटल आलं की गॅरिसन कमांडर, त्याने चाकणच्या हद्दीत बचाव करणाऱ्या तुकड्यांनाही ५. मॅग्नसला हलवू नका, पुण्यातून वरू काढायचा आहे आणि त्याच्यामुळे तिथली तोड दीडपट भरते.

सासवडची काळजी समजते, पण तिथे तुकडी ठेवू नका, वॉल्सच. मधल्या काळात तिथला बिल्डर आणि ट्रेडर आत घ्या.

बुरूज_आणि_बाण

साताऱ्याबद्दल चिलखती_माची यांचं पटलं. रिकामं शहर पण तटासकट, हेच बरोबर.

सिथियाबद्दल एक राहिलं होतं. तोमिरिसच्या (सिथियाची राणी) तुकड्यांना जखमी तुकडीवर हल्ला करताना ५ जास्त मिळतात आणि समोरची तुकडी मारली की त्यांचे प्राण भरतात. म्हणून पूर्वेला ६० प्राणांचा वॉरियर उभा ठेवणं म्हणजे त्यांना औषध पुरवणं. जखमी झाला की आत, शहरात २० भरतात, आपल्या हद्दीत बाहेर १५. अर्ध्या प्राणांची तुकडी नुसती ‘अजून जिवंत आहे’ म्हणून मैदानात ठेवू नका, प्रत्येक दहा प्राण गेले की तिची स्वतःची ताकदही एकेकाने घटत जाते.

अ‍ॅझ्टेकांचंही तसंच. ईगल वॉरियरने मारलेली तुकडी त्यांच्याकडे बिल्डर होऊन जाऊ शकते. खिंडीतला स्पिअरमन मरू द्यायचा नाही, त्याआधी मागे.

चिलखती_माची

तहाचं मी सांगतो. युद्ध पुकारल्यापासून १० टर्न झाल्याशिवाय तह होत नाही, आणि अ‍ॅझ्टेक चार टर्न उशिरा आले, म्हणजे त्यांचे दहा टर्न नंतर भरतील. रोम आणि सिथियाचे आधी. दहाव्या टर्नला सिथियाकडे जा, रोमकडे नाही. सिथियाने तोवर काही जिंकलेलं नसेल आणि शहराच्या माऱ्याने दोन-तीन घोडे गेलेले असतील, ते बहुधा रिकाम्या हाताने तह घेतील. गांधींशी लढणाऱ्याला युद्धाचा वैतागही जास्त लागतो, तिकडून दबाव असतोच. तह १० टर्न टिकतो आणि तेवढ्यात सासवडच्या वाटणीचं सगळं चाकणला लावता येतं.

रोमशी तह लगेच करू नका. पाचातले तीन लीजन पडले की मग बोला. तेव्हा समोरून सोनंही मिळतं.

पहिल्या हल्ल्यानंतर चाकणचा तट फुटलेला असेल. तो आपोआप भरत नाही, शहराच्या रांगेत दुरुस्तीचा प्रकल्प लावावा लागतो, आणि सलग तीन टर्न शहरावर हल्ला नसेल तरच तो लावता येतो. म्हणून रोमची पहिली लाट मागे हटली की त्यांच्या एखाद्या जखमी तुकडीच्या मागे धावू नका, पण एक साधा आर्चरही चाकणला बाण मारू शकेल इतका जवळ राहू देऊ नका. ते तीन टर्न मिळवायचे, तट भरायचा, मग कॅसल्सच्या शोधाकडे जाऊन मिडीव्हल वॉल्स (तटाची पुढची पायरी). तटाचे आणखी १०० प्राण मिळतात आणि एन्शंट वॉल्सवर चालणारा रॅम त्यांच्यावर चालत नाही.

पेठेतला_गांधी

सिटी-स्टेट आहे, ईशान्येला, माझे दोन एन्व्हॉय आहेत. सुझरेन व्हायला एकच कमी. पुढचा एन्व्हॉय चार टर्नांनी मिळतोय, तो तिथेच टाकतो. तिच्याकडे सध्या दोन स्पिअरमन आणि एक आर्चर दिसतायत.

सारीपाट

ईशान्येला म्हणजे रोम आणि सिथियाच्या बरोबर मध्ये. स्पिअरमन दोन्ही घ्या आणि ते चाकणच्या नव्हे, सासवडच्या पूर्वेला ठेवा. साका आणि हॉर्समन दोघांविरुद्ध त्यांचे १० लागू पडतात. नदी असेल तर नदीच्या अलीकडच्या काठावर उभे करा, ओलांडून येणाऱ्याला तोटा होतो. आर्चर भाड्याचा असला तरी तो चाकणला चालवा. ३० टर्न संपले की तुकड्या परत जातात, ती तारीख लिहून ठेवा, नाहीतर एके दिवशी पूर्व अचानक उघडी पडलेली दिसेल.